हेंबा मुखवटा कसा पाहावा

सोलापुरात बसून, केवळ छायाचित्रांच्या आधारे हेंबा लोकांचे मुखवटे समजून घ्यायचे असतील, तर प्रथम नकाशावर टांगानिका सरोवराच्या पश्चिमेला, काँगो देशाच्या आग्नेय भागात त्यांचा प्रदेश शोधावा. हेंबांच्या अनेक कलाकृती पूर्वी शेजारच्या लुबा लोकांच्या म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. त्यामुळे जुन्या नोंदींवर विसंबू नये.

मग तोंड पाहावे. ‘सोओ’ म्हणजे चिंपांझी, आणि याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या हेंबा मुखवट्यात चिंपांझी व माणूस एकत्र आलेले असतात. चंद्रकोरीसारखे रुंद फाकलेले ते तोंड आपल्याला हसरे वाटते; हेंबांना मात्र ते भयावह वाटते, कारण त्याचा संबंध मृत्यूशी आहे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो छायाचित्रात न दिसणाऱ्या भागाला. अंत्यविधीच्या उत्सवात नर्तक हा मुखवटा लावून, माकडाची केसाळ कातडी आणि झाडाच्या सालीचे वस्त्र लेवून येतो. प्रथम तो उच्छृंखलपणे लोकांमागे धावतो व लोक पळतात, परंतु नंतरच्या प्रवेशात त्याचे नृत्य संयत होते. सिद्धेश्वर यात्रेतील 7 नंदीध्वज ज्यांनी मिरवणुकीत पाहिले आहेत, त्यांना निव्वळ काठी आणि सजून निघालेला नंदीध्वज यांतील अंतर सांगावे लागत नाही. मुखवटाही तसाच पाहावा.

शेवटी आकार तपासावा, कारण लहान मुखवटे घराच्या रक्षणासाठी आत टांगले जात.