फ्रूट स्कोन मऊ होत नाहीत? या चुका टाळा

स्कोन म्हणजे चहासोबत खायचा, मैद्याचा छोटा जाडसर, मऊ इंग्रजी पाव; फ्रूट स्कोनमध्ये फळं असतात. पोळीची कणीक तिंबणारा हात स्कोनच्या पिठाला लागला की निम्मं काम तिथेच बिघडतं. पीठ जितकं मळाल तितकं चांगलं, हे पोळीपुरतं खरं आहे. मैदा ओला करून मळला की त्यातलं ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) ताणलं जातं. स्कोन मग फुगायचा सोडून चिवट होतो. दूध ओतल्यावर सुरीने ढवळा आणि गोळा जेमतेम एकत्र आला की थांबा. तो ओबडधोबड आणि हाताला जरा चिकटणारा हवा. गुळगुळीत झाला तर जास्त मळलात. चिकटतंय म्हणून वरून मैदा भुरभुरत राहिलात तर स्कोन कोरडेठाक होणारच.

प्रमाण साधारण असं: 250 ग्रॅम मैदा, 3 छोटे चमचे बेकिंग पावडर, 40 ग्रॅम साखर, 60 ते 70 ग्रॅम बटर, 120 ते 140 मिली दूध आणि मूठभर सुकी फळं. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. अंडं लागत नाही, त्यामुळे चतुर्थीलाही कुणी नाक मुरडणार नाही. (उपास असलेल्यांनी मैद्याकडे मात्र बघू नये.)

शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. इथे नेमकं उलट! बटर फ्रिजमधलं, दगडासारखं थंड हवं. त्याचे बारीक तुकडे ओव्हनमध्ये वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि आत हलके पापुद्रे सुटतात. आधीच वितळलं तर ते मैद्यात मुरून जातं आणि हाती येतात बसकी, तेलकट बिस्किटं. इंदुरात मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा दुपारी हा उद्योग करूच नये. सकाळी लवकर करा, मैदाही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि बटर सरळ किसणीवर किसा. चोळायचं ते बोटांच्या टोकांनी, कारण तळहात गरम असतो. रव्यासारखं दिसायला लागलं, अधूनमधून वाटाण्याएवढे गोळे राहिले, की पुरे.

आता फळं. इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेले बेदाणे तसेच कोरडे टाकले तर ते पिठातलाच ओलावा ओढून घेतात. कोमट पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात 15 मिनिटं भिजवा आणि फडक्यावर पसरून नीट टिपा. हे टिपणं बहुतेकजण गाळतात, आणि मग गोळा पातळ झाला म्हणून दुधाला दोष देतात. जर्दाळू, अंजीर बेदाण्याएवढे चिरून घ्या. स्ट्रॉबेरी, आंबा अशी ताजी फळं घालायची तर फोडी लहान करून फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या आणि अगदी शेवटी मिसळा. सीताफळाचा मोह आवरा. त्याचा गर पिठाचा चिखल करतो.

लाटणं नकोच. हाताने थापून एक इंच जाडी ठेवा. कापायला धारदार कडेचा कटर घ्या, मैद्यात बुडवा आणि सरळ खाली दाबून वर उचला. वाटी दाबून गरगर फिरवली की कडा मिटतात आणि स्कोन एका बाजूला कलंडतो. दूध वरच्या भागालाच लावा. बाजूंनी ओघळलं तरी फुगणं अडखळतं.

बेकिंग पावडर जुनी असेल तर हे सगळं फुकट. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहा; जोरात फसफसली नाही तर नवा डबा आणा. पावडर नाही म्हणून तेवढाच खायचा सोडा ढकलला तर स्कोन पिवळट आणि साबणासारखा लागतो.

ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) 200 अंशांवर पूर्ण तापल्याशिवाय ट्रे आत सरकवू नका. स्कोन लादीपावासारखे जवळजवळ मांडले की बाजू मऊ राहतात. 12 ते 15 मिनिटांत वरून सोनेरी दिसले की काढा; आणखी दोन मिनिटं म्हणत थांबलात तर ते वाळतात. बाहेर आल्यावर स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे वाफेने वरचं कवच नरम पडतं.

इंग्लंडात वर क्लॉटेड क्रीम, म्हणजे सायीसारखं घट्ट क्रीम, घालतात. आपल्याकडे म्हशीच्या दुधाची जाड साय त्यावर झकास बसते, जोडीला घरचा मुरांबा. उरलेच तर फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ते लवकर शिळे होतात. डब्यात बंद ठेवून दुसऱ्या दिवशी जरा गरम करा. त्याहून सोयीचं म्हणजे कापलेले कच्चे स्कोन फ्रीझरमध्ये ठेवणं: पाहुणे आले की तसेच ओव्हनमध्ये टाका आणि तीन-चार मिनिटं जास्त भाजा.