आमदारांच्या कार्यालयातली सहा वर्षं : नव्याने येणाऱ्यांसाठी

"काय करतेस?" या प्रश्नाला मी सहा वर्षं "आमदारांकडे असते" असं उत्तर देत होते, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी समोरच्याने लगेच आपलं एक काम सांगितलं. कुणाच्या भाचीची अ‍ॅडमिशन, कुणाची बदली, कुणाचं अडकलेलं वीज कनेक्शन. ही नोकरी नेमकी काय असते हे मात्र कुणी विचारलं नाही. राज्यशास्त्रात एम. ए. करून या वाटेला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे आता मला फोन येतात, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आमचे सर विधान परिषदेवर पदवीधर मतदारसंघातून निवडून आले होते. त्याआधी काही वर्षं पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं, मग एमआयडीसीत स्वतःचं छोटं युनिट टाकलं. साहजिकच सभागृहात त्यांचे विषय दोनच, शिक्षण आणि लघुउद्योग. बाकी विषयांवर ते हात वर करायचे नाहीत. आता ते माजी आहेत.

आधी हे सभागृह समजून घ्या. महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ जागा. त्यांपैकी ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतले प्रतिनिधी, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ जणांना राज्यपाल नामनियुक्त करतात. सभागृह बरखास्त होत नाही, सदस्याची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. पदवीधरचा आमदार एका तालुक्याचा नसतो, आमचे पाच जिल्हे होते. त्यामुळे सहा वर्षांतला बराच काळ माझा एसटीत गेला.

आणि मतदार यादी! ही गोष्ट मला रुजू होईपर्यंत माहीत नव्हती, आणि माझ्याकडे पदवी होती. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. गेल्या वेळी मत दिलं म्हणून या वेळी नाव असेलच असं नाही, पुन्हा नमुना १८ भरावा लागतो (शिक्षकांसाठी नमुना १९). पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत. शिवाय मतपत्रिकेवर पसंतीक्रम आकड्यात लिहायचा, तोही केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. "एक" असं अक्षरात लिहिलं की मत बाद. मतमोजणीच्या टेबलाशी बसून पदवीधरांची बाद मतं बघणं हा एक वेगळाच अनुभव आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

खरं काम तारांकित प्रश्नाचं, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्या प्रश्नाचं. सरांना एमआयडीसीतले उद्योजक सांगायचे, टर्नर मिळत नाही, फिटर मिळत नाही. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन पाहिलं तर यंत्रं होती, मुलं होती, आणि त्या ट्रेडचं निदेशकाचं (शिकवणाऱ्याचं) पद रिकामं होतं. एकाच रिकाम्या खुर्चीमुळे सरांचे दोन्ही विषय अडकलेले. मी उत्साहाने प्रश्नाचा मसुदा केला : कौशल्य विकासाचं महत्त्व, युवकांचं भवितव्य, शासनाची उदासीनता. सरांनी वाचून कागद परत सरकवला. "अगं, हा निबंध झाला. यात मंत्र्यांना 'नाही' म्हणायला सगळीकडे जागा आहे."

मग त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो : "अमुक पदे रिक्त असल्याचे माहे जून मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, ती भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" ही भाषा वाचून मला हसू यायचं. पण "वा त्यादरम्यान" हे दोन शब्द नसतील तर काय होतं? घटना ३० मे रोजीची निघाली की "हे खरे नाही" एवढ्या एका ओळीत उत्तर संपतं, आणि पुढच्या सगळ्या उपप्रश्नांना "प्रश्न उद्भवत नाही". गाव, संख्या, महिना, कार्यालयाचं नाव नेमकं द्यायचं, मत द्यायचं नाही. विशेषण दिसलं की खोडायचं.

उत्तर वाचणं हीसुद्धा कला आहे. "हे अंशतः खरे आहे" हे माझं सर्वांत आवडतं उत्तर. त्याचा अर्थ, माहिती आपली बरोबर आहे आणि त्यांना ती कुठेतरी मान्य करावी लागली आहे. पुढचं काम तो "अंश" कोणता हे शोधायचं. मंत्र्यांनी उपप्रश्नाला तोंडी "तपासून घेऊ" म्हटलं की तो शब्द कार्यवृत्तातून (सभागृहातल्या बोलण्याची अधिकृत नोंद) जसाच्या तसा उतरवून ठेवायचा, कारण मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली का ते पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे जायचं तर आधार तोच असतो. त्या आयटीआयच्या प्रश्नाला उत्तर अंशतः खरे असंच आलं. पद लगेच भरलं नाही. तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) एक निदेशक आला, तोही पुढच्या सत्रात.

माझी मोठी चूकही सांगते. शाळांच्या अनुदानावरच्या एका चर्चेसाठी मी सरांना टिपण दिलं, त्यात एका शासन निर्णयाचा दाखला होता. सर उभे राहिले, दाखला वाचला, आणि समोरून शांतपणे उत्तर आलं की तो निर्णय केव्हाच अधिक्रमित झाला आहे, म्हणजे त्याची जागा नव्या निर्णयाने घेतली आहे. अधिकाऱ्यांच्या गॅलरीत हलकं हसू पसरलं. मी प्रेक्षक गॅलरीत. सर खाली बसले. संध्याकाळी मला फक्त एवढंच म्हणाले, "नवा निर्णय काढून ठेव." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून जीआर (शासन निर्णय) हातात आला की मी आधी त्याची प्रस्तावना आणि संदर्भ वाचते, मग त्याच विषयावरचे नंतरचे जीआर आणि शुद्धिपत्रकं शोधते. त्यावरच्या लांबलचक संगणक संकेतांकाचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस दाखवतात. झेरॉक्सवर तारीख पुसट असली की तेवढ्यावर काम भागतं.

शिक्षणाच्या बाजूला येणाऱ्या माणसाकडे प्लास्टिकची फाइल असते आणि तो बोलायला सुरुवात करतो तेव्हा तुम्हाला भाषा कळायला हवी. संचमान्यता (शाळेला मंजूर शिक्षकसंख्या), वैयक्तिक मान्यता (एकेका नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी), शालार्थ आयडी (ऑनलाइन पगारासाठीचा क्रमांक), सेवाज्येष्ठता, अतिरिक्त ठरणे (मंजूर पदांपेक्षा जास्त ठरणे), वीस टक्क्यांचा टप्पा (अनुदानाचा), वेतन पथक (शाळांचे पगार काढणारं कार्यालय). खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि त्याची १९८१ ची नियमावली रुजू व्हायच्या आधी वाचा. १ नोव्हेंबर २००५ ही तारीखही पाठ हवी, जुनी पेन्शन कुणाला आणि कुणाला नाही हा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. 'कायम विनाअनुदानित' (कधीच सरकारी अनुदान न मागण्याच्या अटीवरच्या) शाळांच्या नावातला 'कायम' शब्द २००९ मध्ये निघाला, पण पगार सुरू व्हायला कित्येकांची आणखी बरीच वर्षं गेली. अशा शाळेतला, शनिवार-रविवार दुसऱ्याच्या शेतावर जाणारा शिक्षक समोर बसला की "पाठपुरावा सुरू आहे" हे वाक्य तोंडातून निघत नाही. निघालं तरी त्याने ते आधी दहादा ऐकलेलं असतं.

उद्योजकांचं उलट. ते फाइल आणत नाहीत, फोन करतात. तक्रार बहुधा एकच, मोठ्या कंपनीने बिल अडकवलंय. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे. हे सांगितलं की पलीकडे शांतता. "मॅडम, तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल ना." यावर विधान परिषदेतल्या कुठल्याही नियमात उपाय नाही. लहान उद्योजकांची रस्ता, पाणी, भूखंड, वीज अशी कामं सभागृहापेक्षा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा उद्योग मित्र समितीत जास्त सुटतात, असं माझं मत झालं. तिथे फोटो निघत नाहीत, म्हणून तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

अधिवेशनाबद्दल थोडक्यात. मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी, नागपुरात हिवाळी. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), औचित्याचा मुद्दा, नियम ९७ (अल्पकालीन चर्चा), नियम २६० (प्रस्तावावरची चर्चा), नियम २८९ (ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून चर्चा) ही आयुधं कोणती कधी वापरायची ते पहिल्या दोन अधिवेशनांत कळतं. नागपूरला जाताना स्वेटर आणि छोटा प्रिंटर न्या.

आत शिरायचं कसं? राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हिवाळी अधिवेशनात नागपूरला राष्ट्रकुल संसदीय मंडळाचा (राष्ट्रकुल देशांतल्या विधिमंडळांची संघटना) संसदीय अभ्यासवर्ग भरतो. आपल्या विभागप्रमुखांना विचारून नाव द्या. मी तिथूनच आले. जुनी कार्यवृत्तं वाचा, विशेषतः बी. टी. देशमुखांची भाषणं. अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षं ते परिषदेत होते, प्राध्यापकांचे प्रश्न आणि विदर्भाचा अनुशेष हे त्यांचे विषय. नियमावर बोट ठेवून बोलणं म्हणजे काय ते त्यात दिसतं. आणि युनिकोडमध्ये वेगाने मराठी टाइप करता यायलाच हवं, ही अट कुठल्याच जाहिरातीत नसते, पण निवड बऱ्याचदा तिच्यावरच होते.

पगार बेताचा. नोकरी सरकारी नव्हे, आमदाराची मुदत तीच तुमची मुदत. शेवटच्या सहा महिन्यांत सगळे निवडणुकीच्या धावपळीत असतात, तेव्हा लाजू नका, अनुभवाचं प्रमाणपत्र मागून घ्या. मी "नंतर बघू" म्हणत राहिले. निकाल लागला, आम्ही हरलो, आणि महिनाभराने मी ते मागायला गेले. सरांनी चांगलं दीड पान लिहून दिलं. लेटरहेड जुनंच होतं. त्यावरच्या 'सदस्य, विधान परिषद' या छापील ओळीआधी त्यांनी स्वतःच्या पेनने 'माजी' लिहिलं आणि शेजारी सही केली, खाडाखोड वाटू नये म्हणून.