भिंत झुकली कुठल्या बाजूला?

पाण्याकाठच्या घराचे मालक अंगणापुढची समुद्र अडवणारी भिंत दाखवायला मला बोलावतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "लाटांनी भिंत ढकलली हो." मी विचारतो, झुकली कुठे? बहुतेक वेळा समुद्राकडे. लाटांनी ढकलली असती तर अंगणाकडे यायला हवी होती!

भिंतीला पुढे रेटतं ते मागचं पाणी. पावसाचं, बागेला घातलेलं, भरतीला आत शिरलेलं. ओहोटीला समोरचं पाणी उतरतं, भरावातलं, म्हणजे भिंतीमागे भरलेल्या मातीतलं, अडकून राहतं. मागे १ मीटर पाणी जास्त साचलं की भिंतीच्या लांबीच्या दर मीटरला साधारण अर्धा टन रेटा बसतो, २ मीटर साचलं की २ टन. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो.

तपासणी अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास करा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, पाया उघडा पडतो. सोबत पहार, सळई आणि ओळंबा घ्या. आधी वीप होल, म्हणजे मागचं पाणी निचरायला भिंतीत ठेवलेली भोकं, बघा. पाणी उतरत असताना ती ठिबकायला हवीत. शेजारची ठिबकतायत आणि एखादं कोरडं, तर ते बुजलेलं समजा. कालवं, गाळ सळईने काढा. पाणी गढूळ येत असेल तर मागचा भराव वाहून जातोय. मग अंगणात भिंतीलगत पहार आपटत चाला, पोकळ आवाज कुठे येतो ते कळेल.

शिकाऊ असताना मी इथेच माती खाल्ली. भोकांतून माती येते म्हणून सगळी सिमेंटने बुजवून टाकली. मालक खूश. पुढच्या पावसाळ्यात भिंतीने मधोमध पोट काढलं. आता माती येत असेल तर मागे खणतो, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) आणि खडी घालतो. भोक मोकळंच ठेवतो.

मग ओळंबा सोडा. भिंतीचं डोकं समुद्राकडे आलं असेल तर मागचा रेटा वाढलाय, नाहीतर भिंतीला मागच्या जमिनीत ओढून धरणारा टाय रॉड गंजून सुटलाय. तळ पुढे सरकून डोकं मागे गेलं असेल तर पायाजवळची वाळू गेली. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परतताना तळ उकरते. पायाखाली हात जात असेल तर पुढच्या उधाणाची वाट बघू नका. आधी लहान दगडांचा थर, त्यावर मोठे दगड टाकून घ्या.

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. वाढला नाही तर भरून मोकळे व्हा. पण तांबूस डाग असतील तर आतली सळई गंजतेय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यावर प्लास्टर मारणं म्हणजे पैसे पाण्यात. सैल काँक्रीट फोडून सळई घासावीच लागते.

नवीन करायची असेल आणि जागा असेल तर माझं मत दगडांच्या उताराला. लाट दगडांत जिरते, एखादा हलला तर परत बसवता येतो. पण उंचीच्या दीड-दोनपट आडवी जागा तो खातो. जागा नसेल तर काँक्रीट. सळईवर किमान ५० ते ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, मागा, स्लॅग (भट्टीतली मळी) किंवा फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट वापरा. व्हिनाइलचे शीट पाइल (एकमेकांत अडकवून जमिनीत ठोकलेले उभे पत्रे) गंजत नाहीत, पण वाकतात. शांत खाडीत, कमी उंचीला ठीक. लोखंडी शीट पाइल लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात आधी जातात. गॅबियनची, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पेट्यांची, तार खाऱ्या पाण्यात टिकत नाही, मी सुचवत नाही. लाकडाचं तर विचारूच नका. शिंपल्यांच्या जातीतला एक जीव ते आतून पोखरतो, बाहेरून मात्र खांब धडधाकट दिसतो.

कुठलीही बांधा, दोन्ही टोकं जमिनीत आत वळवा. नाहीतर पाणी बगल देऊन मागे शिरतं. टोकाशी शेजाऱ्याची जमीनही जास्त धुपते, तेव्हा त्यांना आधी सांगा. जमलं तर सलग बांधा.

आणि हो, छपराच्या पन्हळीचं पाणी कुठे पडतं? भिंतीमागच्या मातीत पडत असेल तर पाइप जोडून भिंतीवरून थेट बाहेर सोडा. त्याला मिस्त्री लागत नाही.