एम ट्रेनिंग सुरू करताय? आपली लेव्हल मोजताना या चुका टाळा

एम म्हणजे शूटिंग गेममधला नेम. तो सुधारायला कोव्हाक्स किंवा एमलॅब्स हे सरावाचं ॲप टाकलं, एक सिनारिओ (ठरावीक टार्गेटांचा सराव) खेळला, आला तो स्कोअर लिहून ठेवला, झाली बेसलाइन, म्हणजे पुढे तुलना करायला सुरुवातीचा आकडा. बहुतेक जण असंच करतात, मीपण असंच केलं होतं. पंधरा दिवसांत स्कोअर मस्त वाढला आणि मॅचमध्ये मात्र काहीच फरक नाही, तेव्हा लक्षात आलं की एम सुधारलाच नव्हता, तो सिनारिओ पाठ झाला होता फक्त. टार्गेट केवढं असतं, कुठून येतं, कसं वळतं हे हाताला कळलं की पहिल्या काही रनमध्ये (रन म्हणजे सिनारिओ एकदा खेळणं) स्कोअर आपोआप चढतो. त्यामुळे नवीन सिनारिओचे पहिले चार-पाच रन मोजायचेच नाहीत, ते नुसती ओळख करून घ्यायला.

दुसरी चूक याहून जास्त घात करते, ती म्हणजे हायस्कोअरला आपली लेव्हल समजणं. समजा पाच रन केले आणि स्कोअर आले ६१२, ६५५, ६४०, ७०१, ६३३. तुमची लेव्हल ७०१ नाही. चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या, म्हणजे ६४०. तीन आठवड्यांनी परत पाच रन केले आणि मधला ६७० आला तर तुम्ही ३० ने पुढे गेलात, पण डोक्यात ७०१ बसलेला असेल तर वाटणार की आपण घसरलो, आणि मग माणूस वैतागून सेन्स (गेममधली माउसची सेन्सिटिव्हिटी) बदलतो, माउस बदलतो, सगळा गोंधळ. शक्यतो हे पाच रन दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा, कारण झोप झाली नसेल किंवा हात गार पडले असतील तर एकाच दिवसाचा आकडा फसवतो.

आता सेटिंग. इथे मी जरा हट्टी आहे, कारण बेसलाइनचा उपयोगच मुळात नंतर स्वतःशी तुलना करायला असतो आणि मधेच सेटिंग हललं तर तुलना संपली. डीपीआय (माउस स्वतः किती संवेदनशील आहे त्याचा आकडा), सेन्स, एफओव्ही (गेममध्ये एका वेळी किती रुंद दिसतं), मॉनिटरचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चित्रं) हे सगळं स्कोअरच्या शेजारी लिहून ठेवा. ६० हर्ट्झला नवीन चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला ६.९ ने, म्हणजे मॉनिटर बदलल्यावर स्कोअर वाढला तर त्यातलं तुमचं किती आणि स्क्रीनचं किती हे सांगताच येणार नाही. ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे हलत्या टार्गेटवर नेम धरून ठेवताना, तर हा फरक चांगलाच जाणवतो. विंडोजमधलं एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन (हात किती वेगाने हलतो त्यावर पॉइंटर कमी-जास्त पळवणारं सेटिंग) बंद करा, गेममध्ये रॉ इनपुट (माउसची हालचाल थेट घेणारं सेटिंग) असेल तर चालू करा.

सेन्सचा आकडा एका गेममधून दुसऱ्यात तसाच उचलू नका. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि ०.४ सेन्स असेल तर पूर्ण गोल फिरायला माउस साधारण ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो. तेच ०.४ काउंटर स्ट्राइकमध्ये टाकलं तर जवळपास १३० सेंटिमीटर लागतील, तिथे ०.४ ला ३.१८ ने गुणून साधारण १.२७ ठेवायला हवा. कोव्हाक्ससारख्या ट्रेनरमध्ये आपल्या गेमचा स्केल निवडता येतो, तरी एकदा पट्टी ठेवून मोजून बघाच, दोन मिनिटांचं काम आहे.

एकाच सिनारिओवरून "माझा एम सिल्व्हर रँकचा आहे" असं ठरवणं हीपण चूकच. स्थिर टार्गेटवर क्लिक करणं, हलत्यावर क्लिक करणं, ट्रॅकिंग आणि एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाणं ही वेगवेगळी कामं आहेत. व्होल्टेइक या एम ट्रेनिंगच्या ग्रुपच्या बेंचमार्कमध्ये (लेव्हल मोजायच्या ठरलेल्या सिनारिओंमध्ये) क्लिकिंग, ट्रॅकिंग आणि टार्गेट स्विचिंग असे भाग आहेत ते याचसाठी. स्थिर टार्गेट पटापट फोडणारा माणूस ट्रॅकिंगला अडखळतो हे मी खूपदा बघितलंय, आणि एपेक्स लेजंड्स हा गेम खेळायचा असेल तर नेमकं तेच जास्त लागतं. रिॲक्शन टाइमची टेस्ट म्हणजे एमची टेस्ट नाही, तिथे माउस हलवावाच लागत नाही.

मॅचमधला हेडशॉट टक्काही (किती नेम डोक्यावर लागले) बेसलाइन म्हणून धरू नका. ऑपरेटर किंवा एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुका घेऊन खेळणारा बहुतेकदा छातीवरच मारतो, त्याचा टक्का कमीच येणार, शिवाय क्रॉसहेअर (स्क्रीनवरची नेमाची खूण) आधीच डोक्याच्या उंचीवर ठेवायची सवय असेल तर एम साधारण असूनही टक्का छान दिसतो.

स्कोअर प्रत्येक रनला खाली खाली जात असेल तर हात थकलाय किंवा माउस फार घट्ट धरलाय, थांबा, दुसऱ्या दिवशी मोजा. स्कोअर कधी एकदम वर कधी एकदम खाली होत असेल तर आधी एफपीएस (गेम सेकंदाला किती फ्रेम दाखवतोय) बघा, लॅपटॉप चार्जरवर आहे का बघा, मग खुर्चीची उंची. स्कोअर वाढतोय पण ॲक्युरसी पडतेय, असं असेल तर तुम्ही घाईने जास्त गोळ्या मारताय, म्हणून दोन्ही आकडे लिहा.

आणि ज्या सिनारिओंवर मोजता ते रोज खेळू नका. सरावाला त्याच प्रकारचे दुसरे घ्या, मोजायचे तीन-चार आठवड्यांनीच उघडा, सुरुवातीला एक-दोन रन सोडून द्या आणि मग पुन्हा पाच रनमधला मधला.