कोकण किनाऱ्यावरच्या नव्या धाटणीच्या रेस्टॉरंटमध्ये जेवताना या चुका टाळा

अलिबागपासून मालवणपर्यंतच्या पट्ट्यात आता अशी रेस्टॉरंट दिसू लागली आहेत, जिथे घावणे, आंबोळी, तिसऱ्या (शिंपल्यांचा एक प्रकार), फणसाची भाजी किंवा सोलकढी हे घरचेच पदार्थ छोट्या ताटल्यांतून, वेगळ्या जोडीने आणि वेगळ्या मांडणीने वाढले जातात. तिथून नाराज होऊन परतणारी मंडळी बहुतेक वेळा स्वयंपाक्याला दोष देतात. पुष्कळदा मात्र चूक ऑर्डर देतानाच झालेली असते, कारण मेनूकार्ड वर्षातून एकदा छापले जाते आणि बंदरावर उतरणारा मासा रोज बदलतो. म्हणून कार्ड उघडण्याआधी ‘आज काय आले आहे?’ असे विचारावे. चांगल्या स्वयंपाकघराला हा प्रश्न आवडतो, आणि उत्तर देताना वाढपी चाचरला तर त्यावरूनही बरेच कळते.

हंगाम न पाहता मासा मागवणे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे. माशांच्या प्रजननाच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट मिळते, पण पावसाळी समुद्रात त्याही फार आत जात नाहीत. जुलैत सुरमई किंवा पापलेट ताटात आले, तर ते बहुधा शीतगृहातले असते किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेले असते, कारण तिकडची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. नीट गोठवलेला मासा वाईट नसतो. तो ताजा म्हणून सांगितला जाणे आणि ताज्याचा दर लावला जाणे एवढेच चूक आहे. ‘हा मासा बर्फातला आहे की गोठवलेला?’ असे सरळ विचारावे. विचारण्यात कमीपणा काही नाही.

माझ्या मते नव्या धाटणीच्या रेस्टॉरंटची खरी परीक्षा याच दोन महिन्यांत होते. खाडीतले मासे, खेकडे, सुके बांगडे, सोडे (सुकवलेली कोळंबी), जवळा (अगदी बारीक कोळंबी) आणि पावसाळी रानभाज्या एवढ्या सामग्रीवर जो स्वयंपाकी उत्तम जेवण घालू शकतो, त्याच्याकडे पुन्हा जावे. जूनच्या सुरुवातीला रायगडाकडे शेवळे येतात, नंतर टाकळा आणि अळू येतात. यातल्या शेवळांची आणि अळूची एक अडचण ग्राहकाला माहीत असावी. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते नीट मारले गेले नाहीत, तर घसा खाजतो. घरोघरी शेवळांत काकडे (काकड या झाडाची आंबट फळे) आणि अळूत चिंच किंवा आमसूल घालतात ते त्यासाठीच. खाताना घसा खाजू लागला, तर ती नव्या पद्धतीची चव समजून खात राहू नये. ताटली लगेच परत पाठवावी.

उन्हाळ्यातही हेच लागू पडते. ओल्या काजूची उसळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मागवावी. एरवी ती वाळलेले किंवा गोठवलेले काजूगर वापरून केलेली असते आणि खाताना फरक स्पष्ट जाणवतो. हापूसचे पदार्थ मार्च अखेरीपासून मे अखेरीपर्यंत खावेत, कारण ऑक्टोबरातला आमरस डब्यातल्या गराचाच असणार. आमसुले वर्षभर टिकतात, तेव्हा सोलकढीला हंगामाचे बंधन नाही. मात्र नारळाचे दूध उकाड्यात लवकर आंबते, म्हणून ती आजच केली आहे का आणि केव्हा केली हे विचारलेले बरे. पेल्यात वर दाट थर आणि खाली पाणी दिसले तर घाबरू नये, ढवळले की ते एक होते. बिघडल्याची खरी खूण आंबूस वास ही आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पापलेटाला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केले गेले, कारण त्याची घटती संख्या आणि लहान पिल्लांची होणारी मासेमारी ही खरी चिंता आहे. तळहातात मावेल एवढे पापलेट दोन-तीन एका ताटलीत सुबक मांडून आले, तरी ते मागवू नये. तो मासा एकदाही अंडी घालण्याआधी पकडलेला असतो.

छोट्या ताटल्या पाहून पोट भरणार नाही असे समजणे

थाळीची सवय असलेले कुटुंब अशा ठिकाणी दोनपैकी एक चूक करते. एक तर सहा-सात पदार्थ एकदम मागवले जातात, ते सगळे एकाच वेळी टेबलावर येतात आणि निम्मे थंड होतात. नाहीतर प्रत्येकजण आपापली एक ताटली मागवतो आणि भुकेला उठतो. या ताटल्या वाटून खाण्यासाठी असतात. आधी दोन-तीन मागवाव्यात, त्यांचे प्रमाण पाहावे, मग पुढच्या सांगाव्यात आणि शेवटी भात-कालवण किंवा वडे ठेवावेत. शेफने ठरवलेला अनेक पदार्थांचा क्रमवार मेनू घेतला, तर दोन ते तीन तास जातात हे धरून चालावे. लहान मुले किंवा वेळेवर औषध घेणारे वडीलधारे सोबत असतील, तर तो घेऊ नये. नाव ओळखीचे असले, तरी पदार्थ तसाच असेल असे गृहीत धरू नये. ‘कोंबडी-वडे’ वाचून रस्सा अपेक्षित असेल आणि वड्याच्या आत कोंबडीचे सारण येणार असेल, तर ते आधी विचारूनच कळेल.

शाकाहार आणि ॲलर्जी गृहीत धरणे

कोकणात भाजीत जवळा किंवा सोडे घालण्याची जुनी पद्धत आहे आणि नव्या स्वयंपाकघरांना ती फार प्रिय आहे. त्यामुळे कोबी, दुधी किंवा शेवग्याच्या शेंगांचा पदार्थ शाकाहारी असेलच असे नाही. हिरवा ठिपका पाहावा आणि तळणाचे तेल वेगळे आहे का हेही विचारावे, कारण बोंबील आणि भजी एकाच कढईत तळल्या जाण्याची शक्यता असते. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या किंवा काजू यांची ॲलर्जी असणाऱ्याने हे टेबल राखून ठेवताना सांगावे आणि बसल्यावर पुन्हा सांगावे. इथल्या अनेक वाटणांत दाटपणासाठी काजू घातलेले असतात आणि ते कार्डावर लिहिलेले असतेच असे नाही.

ताटात आल्यावर काहीतरी बिघडले आहे असे वाटले तर

बांगड्याच्या किंवा तारलीच्या कालवणात तिरफळ असते. ते वासासाठी घातलेले असते, चावायचे नसते. चावले तर जीभ बधिर होते. अनेक पाहुणे हा बधिरपणा मासा खराब असल्याची खूण समजून घाबरतात. तिरफळ बाजूला काढून ठेवावे, जीभ थोड्या वेळाने पूर्ववत होते.

खराब माशाची खूण वेगळी असते आणि ती ओळखता येणे फार महत्त्वाचे आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा (टूना) हे मासे पकडल्यावर लगेच बर्फात ठेवले नाहीत, तर जिवाणूंमुळे त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते. एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून किंवा उकळून नष्ट होत नाही. असा मासा काही वेळा जिभेला मिरीसारखा झोंबतो, काही वेळा चवीत काहीच जाणवत नाही. काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगाला खाज सुटणे किंवा छाती धडधडणे असे काही झाले, तर खाणे थांबवावे, कॅप्टनला म्हणजे वाढप्यांच्या प्रमुखाला सांगावे आणि डॉक्टरकडे जावे. श्वास लागत असेल, तर जराही वेळ दवडू नये. मसाला झाकेल म्हणून तिखट कालवणातला शिळा मासा चालतो, ही समजूत सोडून द्यावी. ताज्या माशाचे मांस घट्ट असते आणि अमोनियासारखा उग्र वास येत नाही.

तिखट सोसत नसेल, तर वरून पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून सोलकढी आणि भात घ्यावा.

तक्रार पहिल्या दोन घासांत करावी. ताटली निम्मी संपवून मासा शिळा होता असे म्हटले, तर स्वयंपाकघरालाही नेमके काय झाले ते तपासता येत नाही.

दर आणि बिल शेवटी पाहणे

मोठा मासा अनेक ठिकाणी ‘बाजारभावाप्रमाणे’ किंवा ‘साइजप्रमाणे’ असतो. वजन साफ करण्याआधीचे की नंतरचे, आणि त्याचे एकूण किती होतील, हे मासा कापण्याआधी ठरवून घ्यावे. शक्य असल्यास मासा पाहावा. डोळे फुगीर आणि कल्ले लाल असावेत. खेकड्यांचेही तसेच: हातात जड लागतो तो भरलेला, आणि अमावास्येच्या सुमाराचे खेकडे भरलेले असतात असे किनाऱ्यावरची माणसे मानतात.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. ते लावलेले दिसल्यास काढायला सांगावे आणि ऐकले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. सेवा मनापासून आवडली असेल, तर वाढणाऱ्याच्या हातात जरूर काही द्यावे. जीएसटी मात्र द्यावाच लागतो: एरवी ५ टक्के, आणि ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर आकारले जाते, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. रिसॉर्टमधले बिल फुगलेले वाटते, त्यामागे कधी कधी हेच कारण असते. बाटलीबंद पाण्यावर छापील किमतीपेक्षा जास्त आकारल्याबद्दल पुष्कळ वाद होतात, पण टेबलावर बसवून सेवा देणाऱ्या हॉटेलांना तसे करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिली आहे. म्हणून साधे पिण्याचे पाणी हवे असल्यास तसे आधीच सांगावे. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असायला हवा. तब्येत बिघडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्याची वेळ आली, तर तोच क्रमांक लागतो, म्हणून बिल निदान दोन दिवस जपून ठेवावे.