तोकामाचीत पहिला हिवाळा काढण्यापूर्वी

जपानच्या निइगाता प्रांतातील तोकामाची कागदोपत्री शहर असले, तरी शिनानो नदीच्या खोऱ्यात वसलेले सुमारे 50 हजार वस्तीचे हे ठिकाण आपल्या माणसाला तालुक्याच्या गावासारखेच वाटते. तोक्योहून शिनकानसेन या अतिवेगवान गाडीने येऊन एचिगो-युझावाला उतरून होकुहोकू मार्गाची छोटी गाडी पकडली की साधारण दोन तासांत येथे पोहोचता येते. आंबोलीला एवढा पाऊस का कोसळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला येथील बर्फाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. सैबेरियाकडून निघालेले कोरडे वारे जपानी समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि डोंगरांना अडून ते सारे येथे रिते करतात. याच परिसरातील इइयामा रेल्वेमार्गावर मोरिमियानोहारा स्थानकात एक उंच खांब उभा आहे. फेब्रुवारी 1945 मध्ये तेथे बर्फ 7.85 मीटरपर्यंत साचला होता, त्याची ती खूण.

थंडीची धास्ती मात्र घेऊ नका. पारा बहुधा शून्याच्या आसपासच राहतो आणि म्हणूनच येथील बर्फ भुरभुरीत नसून ओला व जड असतो. त्याला वाहून न्यावे लागते, आणि तो कुठे न्यायचा हाच येथील संसाराचा मुख्य प्रश्न आहे.

म्हणून भाड्याच्या करारावर सही करण्यापूर्वी छपराची चौकशी करावी. काही छपरांवरून बर्फ आपोआप घसरतो, काहींवर तो वितळवण्याची सोय असते आणि उरलेल्यांवर कोणाला तरी चढावे लागते. ते ‘कोणी तरी’ म्हणजे घरमालक की आपण, हे लेखी ठरवून घ्यावे. छपरावर एकट्याने कधीही चढू नये. दरवर्षी पडून मरणारी माणसे बहुतेक अनुभवी वृद्धच असतात, तेव्हा नवख्याने धाडस दाखवण्यात काहीच अर्थ नाही. नोव्हेंबरात खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकतात, त्याला युकीगाकोई म्हणतात. कोकणात पावसाळ्यापूर्वी पडवीला झडप लावतात, तसाच हा प्रकार आहे.

गावातील रस्त्यांच्या कडेने बर्फ वाहून नेणारी गटारे आहेत. पाणी मर्यादित असल्यामुळे ते भागाभागाला ठरावीक वेळी सोडले जाते. आपली वेळ झाली की जाळीचे झाकण उघडायचे आणि स्नो डंप नावाच्या मोठ्या, दोन हातांनी ढकलायच्या सुपड्याने बर्फ थोडा थोडा आत लोटायचा. पहिल्या हिवाळ्यात मला सकाळी कामावर जाण्याची घाई होती, म्हणून मी ढिगारा एकदम आत ढकलला. गटार तुंबले आणि पाणी खालच्या अंगाच्या घराच्या अंगणात शिरले. तेथील आजी एक शब्दही बोलल्या नाहीत. लांब दांड्याची फळी आणून त्यांनी गुठळ्या फोडल्या, पाणी मोकळे केले आणि मला वाकून नमस्कार करून आत गेल्या. त्या नमस्काराने मी जितकी शरमले, तितकी रागावण्याने शरमले नसते. पाण्याचे वेळापत्रक शेजाऱ्यांकडून समजून घ्या आणि दारावर चिकटवून ठेवा.

रॉकेलचे 18 लिटरचे लाल डबे किमान दोन असावेत आणि स्टोव्ह चालू असताना अधूनमधून खिडकी उघडावी. बर्फात अडकलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवून आत बसू नये. धूर सोडणारी नळी बुजली तर विषारी वायू आत भरतो. पत्त्याची नोंद 14 दिवसांच्या आत नगरपालिकेत करायची असते. भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना वर्षभरच चालतो, तेव्हा येथील परवान्याच्या तयारीला लवकर लागावे, कारण गाडीवाचून येथे निभत नाही.

जेवणाबाबत एक सावधगिरी आहे. येथील हेगीसोबा या शेवया फुनोरी नावाच्या समुद्रवनस्पतीने बांधलेल्या असतात, पण सोबतच्या रसात बहुधा मासळीचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावे. कोशिहिकारी तांदूळ साध्या वरणाबरोबर अप्रतिम लागतो. त्याच्या फोडणीच्या भाताचा मात्र गोळा होतो.

घराची आठवण फार झाली तर ओइकेच्या तळ्याकाठी जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीतील मिथिला संग्रहालय गाठावे. मधुबनी चित्रांबरोबरच डहाणूकडील जिव्या सोमा म्हशे यांची वारली चित्रे तेथे आहेत. इतक्या बर्फात तारपा नाच पाहून डोळे भरून येतात, हे मी अनुभवाने सांगते.

त्या आजींना मी पुढे दिवाळीचा चिवडा नेऊन दिला. आठवड्याने डबा परत आला, तो नोझावाना या पालेभाजीच्या लोणच्याने भरून. रिकामा डबा परत करू नये, हे त्यांच्याकडेही असतेच. वसंतात बर्फ विरला की त्या दारात कोगोमीची, म्हणजे नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबांची, कोवळी जुडी ठेवून जातात आणि मी ती लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतते.