हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन: या चुका टाळा

ईसीजी निघाला, अटॅक मोठा आहे, डॉक्टर म्हणतायत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यावं लागेल, इथे सही करा. आणि नातेवाईक म्हणतात, "थांबा, मोठा भाऊ वाटेत आहे, तो आला की सांगतो". सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भाऊ येईपर्यंतचा अर्धा तास फुकट जात नाही हो, त्या अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरत असतो आणि मेलेला स्नायू नंतर कुठल्याच औषधाने परत येत नाही. दुखायला लागल्यापासून पहिल्या 2-3 तासांत हे औषध सगळ्यात जास्त काम करतं कारण गुठळी ताजी असते, जसजशी ती जुनी आणि घट्ट होते तसतसा उपयोग कमी, आणि 12 तास उलटून गेले की सहसा देतच नाहीत. निदान झाल्यापासून 10 मिनिटांत औषध सुरू व्हावं असं गाइडलाइन सांगते. म्हणजे विचारपूस फोनवर करा, ती पण चालता चालता.

याच्या उलटी चूक पण होते, "इंजेक्शन नको, आम्ही डायरेक्ट मोठ्या हॉस्पिटलला नेऊन अँजिओप्लास्टीच करतो". अँजिओप्लास्टी जास्त चांगली हे खरंय, पण कधी? निदानापासून 120 मिनिटांच्या आत वायर हृदयाच्या त्या बंद रक्तनळीतून पलीकडे जाणार असेल तर. अँब्युलन्सची वाट बघणं, प्रवास, तिथली अ‍ॅडमिशन, कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीची) टीम गोळा होणं हे सगळं धरून 120. लोक फक्त गाडीचा वेळ मोजतात आणि तिथेच गणित चुकतं. तेवढ्यात जमणार नसेल आणि औषध द्यायला काही अडचण नसेल तर आधी इंजेक्शन, मग गाडी.

आता ईसीजीबद्दल. हे औषध प्रत्येक अटॅकला नसतं. ईसीजीच्या रेषेतला एसटी नावाचा भाग वर उचललेला असेल, म्हणजे नळी पूर्ण बंद झाल्याची खूण असेल, तर द्यायचं. नुसतं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलं म्हणून दिलं तर फायदा नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र पूर्ण. आणि ईसीजी स्पष्ट असताना ट्रोपोनिनच्या रिपोर्टची वाट बघत बसणं ही पण चूकच, सुरुवातीच्या तासांत तो निगेटिव्ह येऊ शकतो. छातीतलं दुखणं फाटल्यासारखं पाठीत जात असेल, दोन्ही हातांच्या बीपीत बराच फरक असेल, तर महाधमनी फाटलेली नाही ना हे आधी बघा, तिथे हे औषध जीव घेईल.

माहिती लपवू नका प्लीज. मेंदूत कधीही, अगदी 20 वर्षांपूर्वी रक्तस्राव झाला असेल तरी सांगा. गेल्या काही महिन्यांत पॅरालिसिसचा झटका, महिन्याभरात मोठं ऑपरेशन किंवा डोक्याला मार, शौचातून काळं रक्त, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं. डॉक्टर रागावतील म्हणून गोळ्या बंद केल्याचं सांगत नाहीत लोक, काय बोलायचं. आणि पूर्वी स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळवायचं एक औषध) घेतलंय का तेही, कारण शरीरात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि ते परत देत नाहीत, दुसरं औषध वापरतात.

देताना होणाऱ्या चुका जरा खोलात सांगतो, छोट्या हॉस्पिटलच्या स्टाफसाठी. टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवायचं दुसरं औषध वजनावर असतं, 60 किलोच्या खाली 30 मिलिग्रॅम, मग दर 10 किलोला 5 वाढवत 90 किंवा जास्तला 50, आणि 75 च्या पुढच्या वयात अर्धा डोस. अंदाजाने "असेल 70" करू नका. व्हायल जोरात हलवायची नाही, फेस होतो, हळूच गोल फिरवायची. आणि लाइनमध्ये डेक्स्ट्रोज चालू असेल तर औषधाचा साका बसतो, आधी नॉर्मल सलाइनने लाइन धुवा, मग 5 सेकंदांत बोलस (सगळा डोस एकदम), मग परत सलाइन. स्ट्रेप्टोकायनेज मात्र 15 लाख युनिट 30 ते 60 मिनिटांत, घाईत सोडलं की बीपी धाडकन पडतं. पडलंच तर ड्रिप हळू किंवा थोडा वेळ बंद, पाय वर, बहुतेक वेळा सावरतं. दुखतंय म्हणून कमरेत इंजेक्शन टोचू नका, तिथे रक्त साकळून मोठा गोळा होतो.

अ‍ॅस्पिरिन विसरणं ही चूक साधी वाटते पण साधी नाही. हार्ट अटॅकवरच्या 1988 च्या आयसिस-2 ट्रायलमध्ये 17,187 पेशंट होते, त्यात एकटं अ‍ॅस्पिरिन, एकटं स्ट्रेप्टोकायनेज दोन्हींनी मृत्यू कमी झाले आणि दोन्ही मिळून अजून जास्त. गोळी चावून खायला द्यायची, गिळायला नाही.

इंजेक्शन दिलं, दुखणं थांबलं, झालं काम? नाही. 60 ते 90 मिनिटांनी परत ईसीजी काढा, एसटी निम्म्याहून जास्त खाली आला नसेल तर नळी उघडलीच नाही असं समजा आणि लगेच अँजिओप्लास्टीला पाठवा, दुसरा डोस देऊन बघू असं करू नका. उघडली असली तरी 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी हवीच. मध्येच मॉनिटरवर रुंद, हळू ठोके दिसले तर घाबरू नका, नळी उघडताना येतात आणि बहुतेकदा आपोआप जातात. घाबरायचं ते अचानक डोकं ठणकणं, उलटी, बोलणं अडखळणं याला, शंभरातल्या साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होतो आणि बहुतेक पहिल्या 24 तासांतच. असं काही दिसलं तर रक्त पातळ करणारी सगळी औषधं थांबवून लगेच सीटी.

आणि पुढे पाठवताना चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस आणि दिल्याची वेळ तीन्ही लिहा, "लायसिस दिलं" (म्हणजे गुठळी विरघळवायचं औषध दिलं) एवढंच लिहिलं की पुढच्या डॉक्टरला 90 मिनिटं कुठून मोजायची तेच कळत नाही.